चिन्हांची चलनवाढ

आमच्या वस्तीत एक अभ्यासिका आहे. संध्याकाळी फिरून परतताना तिच्या पायरीवर मी घटकाभर टेकतो. खेड्यापाड्यांतून नागपुरात आलेली आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले तेथे दिवसाचे दहा-बारा तास मान मोडून बसलेली असतात. गेल्या महाराष्ट्र दिनाच्या दोन दिवस आधीची गोष्ट. रस्त्याकडेचा ताम्हण जांभळ्या फुलांनी लहडला होता आणि दोन विद्यार्थी पायरीवर बसून एकमेकांची उजळणी घेत होते. राज्य प्राणी? शेकरू. राज्य पक्षी? हरियल. राज्य वृक्ष? आंबा. राज्य फूल? ताम्हण. राज्य फुलपाखरू? ब्लू मॉर्मन. राज्य मासा? पापलेट. कांदळवन वृक्ष? पांढरी चिप्पी. एकही उत्तर चुकले नाही. मी सहज विचारले, “राज्याच्या मुद्रेवर काय आहे?” दोघेही गप्प झाले. “समई आहे,” मी सांगितले. “आणि ही मुद्रा कशासाठी आहे, तेही तिच्यावरच लिहिलेले आहे. काय लिहिले आहे?” त्यांतला एक जण प्रांजळपणे म्हणाला, “सर, हे पेपरात येत नाही ना.”

त्या मुलांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या फुलाचे नाव ते घोकत होते, ते त्यांच्या डोक्यावर फुललेले होते आणि त्यांनी मान वर केली नव्हती, हे खरे. पण त्यांची मान कोणी खाली घालायला लावली, हा खरा प्रश्न आहे. राज्याची अधिकृत चिन्हे ही प्रश्नपत्रिकेतील एका गुणाची बाब होऊन बसली, याची जबाबदारी चिन्हे वाटीत सुटलेल्या राज्यकर्त्यांवर आहे. आणि ज्यांनी राज्यकर्त्यांना त्या चिन्हांचा अर्थ विचारायचा सोडून दिला, त्या आपल्यासारख्यांवरही ती काही अंशी आहे.

अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला उपमाही त्याच शास्त्रातल्या सुचतात. वाचकांनी क्षमा करावी. माझ्या मते राज्याचे अधिकृत चिन्ह ही राज्याने जनतेच्या नावे लिहून दिलेली हुंडी असते. हुंडीचा कागद कितीही सुबक असला तरी तिची किंमत कागदात नसते. ती सादर केल्यावर पेढीवर वटते की परत येते, यावर तिची किंमत ठरते. पेढीत शिल्लक नसताना जो सावकार हुंड्या लिहीतच सुटतो, त्याचे दिवाळे जाहीर व्हायला थोडा अवधी लागतो इतकेच. सध्या महाराष्ट्रात चिन्हांची अशीच चलनवाढ चालू आहे. हुंड्या वाढत आहेत आणि शिल्लक घटत आहे.

भद्र कोणाचे?

महाराष्ट्र शासनाची मुद्रा वर्तुळाकार आहे. मध्यभागी समई, तिच्याभोवती सोळा कमलदले आणि सोबत एक संस्कृत वचन. हे वचन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेले आहे. शहाजीपुत्र शिवाजीच्या जागी महाराष्ट्र राज्याचे नाव आले; बाकीचा आशय तोच राहिला. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी आणि विश्वाला वंद्य झालेली ही मुद्रा कल्याणासाठी शोभते, असा त्याचा अर्थ.

त्या काळी दख्खनच्या राजकारणाची भाषा फारसी होती. शहाजीराजांची मुद्राही फारसीत होती. पुत्राने ती संस्कृतात आणली, याचा अभिमान सभांतून पुष्कळ सांगितला जातो आणि तो योग्यही आहे. परंतु भाषेच्या अभिमानात वचनाचे व्याकरण हरवते. त्यात ‘भद्राय’ असा शब्द आहे आणि तो चतुर्थीत आहे. चतुर्थी ही देण्याची आणि हेतू सांगण्याची विभक्ती होय. मुद्रा केवळ शोभत नाही. ती कशासाठी तरी शोभते. ‘कशासाठी’ हा भाग वगळला, तर उरतो तो निव्वळ अलंकार.

ही मुद्रा मोठी का झाली, याचा उलगडा तिच्या नक्षीत होत नाही. ज्या कागदांवर ती उमटली, ते कागद वाचावे लागतात. अशा जुन्या कागदांपैकी १६४६ सालचे एक पत्र प्रसिद्ध आहे. खेडेबाऱ्यातील रांझे गावचा पाटील बाबाजी गुजर याने बदअमल केला. राजांनी त्याला धरून आणविले, चौकशी केली, त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा दिली आणि पाटीलकी अमानत केली. शिक्षेचा हा प्रकार आजच्या न्यायबुद्धीला पटणारा नाही, आणि तो पटवून घेण्याची आवश्यकताही नाही. लक्षात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. पाटील म्हणजे त्या काळी खेड्यातील चालतेबोलते सरकार. त्याच्याविरुद्ध दाद लागू शकते, असे सोळा वर्षांच्या आतबाहेरच्या एका मुलाच्या शिक्क्याने मावळातील रयतेला दाखवून दिले. चंद्रकोरीची उपमा त्या दिवशी खरी झाली. हुंडी वटली.

तीच मुद्रा, तीच चतुर्थी, आज शासनाच्या कागदांवर विराजमान आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाला जो नवा ध्वज मिळाला, त्यावरील अष्टकोनी आकारही महाराजांच्या मुद्रेवरून घेतला गेला. मुद्रेचा आकार समुद्रापर्यंत पोचला, याचा आनंद आहे. प्रश्न इतकाच, की तिची विभक्ती कोठवर पोचली?

सिव्हिल लाइन्सची वेस

चिन्हाची किंमत कशी चुकती केली जाते, हे नागपूरकरांनी कोणाकडून शिकण्याची गरज नाही. १३ एप्रिल १९२३ रोजी, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, चरखांकित तिरंगी ध्वज घेतलेली मिरवणूक या शहरात सिव्हिल लाइन्सकडे निघाली. सिव्हिल लाइन्स म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांची वस्ती. तेथे हा ध्वज दिसता कामा नये, असा सरकारचा हट्ट होता. मिरवणूक अडविली गेली. मग १ मे १९२३ पासून झेंडा सत्याग्रह सुरू झाला. रोज नवी तुकडी ध्वज घेऊन निघे, वेशीवर अडविली जाई आणि तुरुंगात जाई. तुकड्या पुढे पुढे नागपुरापुरत्या राहिल्या नाहीत. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून स्वयंसेवक येऊ लागले. दीड हजाराहून अधिक माणसे बंदिवान झाली. विनोबा पकडले गेले. नेतृत्व करणारे जमनालाल बजाज यांना अठरा महिन्यांची सजा आणि तीन हजार रुपये दंड झाला. दंड वसूल करण्यासाठी त्यांची मोटार जप्त झाली, तेव्हा या भागात तिच्यावर बोली लावायला कोणी पुढे आले नाही. लिलावात माल असावा, सरकार विकायला असावे आणि गिऱ्हाईक मात्र नसावे, असा प्रसंग अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. जुलैपासून वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली आणि १८ ऑगस्टला ध्वज घेतलेली मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली.

त्या ध्वजाला तेव्हा कोणताही शासकीय दर्जा नव्हता. तो घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जाणे हाच गुन्हा ठरत होता. तरीही लोकांना त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. चरखा म्हणजे हाताला काम आणि अंगाला आपल्या गावचे कापड, हे विणकरालाही कळत होते आणि कापूस पिकविणाऱ्यालाही. चिन्हात अर्थव्यवस्था होती, म्हणून त्याच्यासाठी तुरुंगात जाणारी माणसे होती.

त्याच सिव्हिल लाइन्समध्ये आज विधान भवन आहे. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला आश्वासन दिले होते, की शासन दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात येऊन बसेल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन येथे होईल. हिवाळी अधिवेशन हेही म्हणून एक चिन्हच आहे: सरकार तुमच्या दारी येते, याचे चिन्ह. आता २३ नोव्हेंबर १९९४ आठवा. त्या दिवशी विदर्भाच्या खेड्यांतून आलेला गोवारी समाजाचा मोर्चा याच विधान भवनाकडे निघाला होता. पिढ्यान्‌पिढ्या गावाची गुरे राखणारा हा समाज. त्यांना ना जमीन हवी होती, ना अनुदान. अनुसूचित जमातींच्या यादीतील ‘गोंड गोवारी’ या नोंदीत आपण येतो, हे शासनाने मान्य करावे आणि तसा कागद द्यावा, एवढी त्यांची मागणी होती. मोर्चा झिरो माइलनजीक अडविला गेला. गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती.

१९२३ साली परक्या सरकारने लोकांना ध्वज घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये शिरू दिले नाही. १९९४ साली तो ध्वज आत सन्मानाने फडकत होता आणि बाहेर, मुद्रेचा एक ठसा मागायला आलेली आपलीच माणसे पायदळी तुडविली जात होती. स्वराज्यात वेस हलली नाही. वेशीच्या कोणत्या बाजूला कोण आहे, तेवढे बदलले.

पुढे काय झाले? त्या जागी स्मारक उभे राहिले आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव मिळाले. १९९५ साली त्यांचा समावेश विशेष मागास प्रवर्गात करण्यात आला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांचा जमातीचा दावा मान्य केला आणि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. न्यायालयाच्या निवाड्याच्या गुणदोषांत मी शिरत नाही. परंतु यादीतील एका नोंदीचा अर्थ काय, या प्रश्नाचे अंतिम उत्तर मिळायला ११४ मृत्यूंनंतरही २६ वर्षे लागावीत, आणि दरम्यान त्या समाजाला स्मारक व पूल मात्र तत्परतेने मिळावेत, यात आपल्या राज्यसंस्थेचा सारा स्वभाव आला आहे. जे मागितले ते द्यायचे नसले, की तिला चिन्ह देण्याची घाई होते.

शिल्लक पाहा

चलनवाढीचा पहिला परिणाम असा, की नाणे हलके होते. राष्ट्रध्वज हाताने कातलेल्या आणि विणलेल्या कापडाचाच असावा, हा दंडक दीर्घकाळ पाळला गेला. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर तयार केलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही मुभा मिळाली. पुढच्या ऑगस्टमध्ये घरोघरी ध्वज लागले. ध्वज स्वस्त झाला, घराघरांत गेला, हे चांगलेच आहे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या चरख्यासाठी नागपुरात माणसे तुरुंगात गेली, त्या चरख्याचे काम काढून घेऊन हे साधले, एवढे तरी जमाखर्चात मांडा. हुबळीजवळच्या बेंगेरी येथे खादीचे प्रमाणित ध्वज तयार करणाऱ्यांनी तेव्हा केलेला निषेध उत्सवाच्या गजरात कोणाच्या कानी पडला?

आता आपल्या राज्याची यादी घ्या. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू घोषित केले आणि असे करणारे पहिले राज्य म्हणून पाठ थोपटून घेतली. २०२० साली पांढरी चिप्पी ही राज्य कांदळवन वृक्ष झाली. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील वीस हजारांवर कांदळवनाची झाडे तोडण्यास उच्च न्यायालयाची अनुमती मिळाली. ती मागायला गेले होते ते सरकारचेच महामंडळ. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्य मासा झाला. यामागे एक खरी वेदना होती. अपुऱ्या वाढीची पिल्ले पकडली जाऊन पापलेट घटत चालला आहे, हे सातपाटीचे मच्छीमार पोटतिडकीने सांगत होते. मागणी त्यांची आणि मासाही त्यांचाच. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याच पालघरच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचा हा प्रकल्प समुद्रात भराव घालून उभा राहायचा आहे, आणि तेथे आमची मासेमारी बुडते असे म्हणणारेही तेच मच्छीमार. माशाला राज्यपद मिळाले. त्याला पकडून पोट भरणाऱ्याला भूमिपूजनाच्या दिवशी कोणी विचारले नाही.

शेकरू भीमाशंकरात आहे, तसा आमच्या मेळघाटातही आहे. शेकरूचे रक्षण झालेच पाहिजे. त्याबद्दल वाद नाही. पण त्याच मेळघाटातील कोरकू बालकांचे कुपोषणाने होणारे मृत्यू १९९० च्या दशकात राज्यापुढे आले आणि तेव्हापासून हा प्रश्न न्यायालयांत आणि अधिवेशनांत हिंडतोच आहे. हरियलाविषयी तर लोकसमजूत अशी, की तो कधी जमिनीला पाय लावत नाही. आपल्या राज्यकर्त्यांनी राज्यपक्ष्याची निवड आत्मपरीक्षण करून केली असावी, असे कधीकधी वाटते.

राज्यगीताचेही तसेच. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून अधिकृत राज्यगीत झाले. ते लिहिणारे राजा बढे नागपूरचे, याचा आम्हाला आनंद आहे. त्यांच्या मूळ गीतात शौर्याच्या जोडीला दारिद्र्याचा आणि कष्टाच्या घामाचाही उच्चार आहे. समारंभात ताठ उभे राहून गाणाऱ्यांना शौर्य चटकन आठवते. दारिद्र्य आठवण्यासाठी उभे राहून भागत नाही. अर्थसंकल्प हाती घेऊन बसावे लागते.

आणि अखेर ती समई. महाराष्ट्राच्या मुद्रेवर तेवणाऱ्या ज्योतीला तेल कोण घालतो? चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. नागपूरला लागूनच कोराडी आणि खापरखेडा ही आणखी दोन केंद्रे आहेत. उजेड राज्यभर जातो आणि राख येथे राहते. २०२२ च्या जुलैत कोराडी केंद्राच्या राखेचा खसाळा येथील बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरले. समईखाली अंधार असतो, ही म्हण आपण ऐकत आलो. समईखाली राख असते, हे आम्ही पाहतो आहोत.

आकड्यांनीच बोलायचे तर, १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने पुढच्या वर्षी राज्यातील प्रादेशिक अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा ठरविला. त्यांतील सुमारे ३९ टक्के एकट्या विदर्भाचा होता. घटनेच्या ३७१ (२) या कलमाचा आधार असलेली विकास मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडले. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि ती वाढविण्यात आली नाही. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र राज्याला साठ वर्षे पूर्ण झाली. महामारीमुळे समारंभ साधेपणाने झाला, हे समजण्यासारखे आहे. परंतु राज्याच्या हीरक महोत्सवाच्या आदल्या दिवशी हा वचनाचा कागद मुदतबाह्य होऊ द्यावा, यामागे कोणताही विषाणू नव्हता.

खोटे नाणे खऱ्या नाण्याला बाजारातून हुसकावून लावते, हा ग्रेशॅमचा नियम विद्यार्थी पहिल्या वर्षी शिकतात. चिन्हांच्या बाजारातही तो लागू आहे. अभ्यासिकेतील त्या मुलांना राज्य मासा माहीत होता. झिरो माइलच्या स्मारकावरून ते रोज ये-जा करतात; तेथे काय घडले, ते त्यांना माहीत नव्हते.

आपल्यांशी दोन शब्द

आतापर्यंतचे विवेचन आपल्या कार्यकर्त्यांना रुचेल. पुढचे कदाचित रुचणार नाही. आपल्यातील अनेकांची अशी समजूत आहे, की चिन्हे, मुद्रा, नामांतरे, पुतळे हा सारा भावनेचा व्यापार असून तो प्रतिगाम्यांनी करावा. आपण भाकरीचे बोलावे. दिसायला ही भूमिका कणखर वाटते, पण आपल्याच इतिहासाशी ती जुळत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एस. एम. जोशी कशासाठी उतरले होते? मराठी माणसाचे राज्य हे त्यांच्या दृष्टीने कष्टकऱ्यांचे राज्य व्हायचे होते, आणि ते राज्य कामगार दिनी जन्माला आले, याचा अर्थ तेव्हाच्या गिरणी कामगाराला समजावून द्यावा लागत नव्हता. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, हा ठराव १९७८ साली झाला आणि दलितांच्या वस्त्या जळाल्या. तेव्हाही काही शहाणे म्हणत होते, की नावात काय आहे? १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली आमच्या दीक्षाभूमीवरून तेव्हाच्या औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, त्यात पायी चालणाऱ्यांना नावात काय आहे ते नेमके माहीत होते. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे त्यांनी आपली हुंडी खाली ठेवली नाही. ज्याच्याजवळ सर्व काही आहे, त्याला चिन्ह ही शोभेची वस्तू वाटू शकते. ज्याला गावाने नावही धड दिले नाही, त्याच्या दृष्टीने चिन्ह म्हणजे राज्यातील आपल्या वाट्याचा दस्तऐवज असतो.

चिन्ह आणि आशय एकत्र नांदू शकतात, याचे उदाहरण आपल्याच देशात होऊन गेले आहे. जम्मू-काश्मीरच्या संविधान सभेने १९५२ साली लाल ध्वजावर पांढरा नांगर स्वीकारला. त्याआधी, १९५० साली, तेथे मोठ्या जमीनदाऱ्या नष्ट करणारा कायदा झाला होता. १८२ कनालांवरची जमीन मोबदला न देता काढून कसणाऱ्याच्या नावे होऊ लागली होती. नांगर ध्वजावर येण्याआधी कुळाच्या स्वतःच्या जमिनीत चालला होता. तो ध्वज २०१९ साली इतिहासजमा झाला. त्या राज्याच्या पुढील राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. परंतु चिन्हाआधी शिल्लक, हा क्रम तेथे पाळला गेला होता.

म्हणून माझे म्हणणे असे, की चिन्हांची टवाळी करणे हा आपला मार्ग नाही. तसे केले तर ती चिन्हे ज्यांच्या तावडीत आहेत, त्यांचेच फावते. हुंडी फाडून टाकणारा सावकाराला ऋणमुक्त करतो. आपण ती पेढीवर नेऊन सादर केली पाहिजे.

हुंडी सादर करा

हे कसे करायचे, ते गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखविले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचा कागद त्या गावाने भिंतीवर टांगला नाही. अभ्यास मंडळात बसून वाचला. २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू तोडून गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवान्याचे पुस्तक वन खात्याच्या ताब्यात. हक्क तुमचा, शिक्का आमचा, असा हा प्रकार होता. गाव हटले नाही. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री यांना मेंढ्यात यावे लागले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. ते एक साधे पावतीपुस्तक होते. पण माझ्या पाहण्यात महाराष्ट्र राज्याच्या साठ वर्षांत मुद्रेचा असा सोहळा दुसरा झाला नाही. त्या दिवशी चतुर्थी विभक्ती जंगलात पोचली.

विदर्भात १ मे दोन प्रकारे साजरा होतो. कस्तुरचंद पार्कवर संचलन होते आणि वेगळ्या राज्याचे समर्थक काळा दिवस पाळतात. सलाम आणि काळी फीत या दोहोंच्या मध्ये तिसरी एक जागा रिकामी आहे. ती आपण घ्यावी, असे मी सुचवितो. प्रत्येक शाखेने येत्या सहा महिन्यांत आपल्या परिसरातील अडलेले कागद गोळा करावेत: वनहक्काचे दावे, जातीचे आणि वैधतेचे दाखले, सातबाऱ्यावरील वारसांच्या नोंदी, प्रकल्पग्रस्तांचे दाखले. प्रत्येक कागदावर तो किती दिवस कोठे पडून आहे, ते लिहावे. आणि महाराष्ट्र दिनी ध्वजवंदन झाल्यावर त्याच ठिकाणी, त्याच अधिकाऱ्यांसमोर, मुद्रेवरील वचनाचा अर्थ मोठ्याने वाचून ते कागद सादर करावेत. घोषणा देण्याची आवश्यकता नाही. शासनाचेच वचन शासनाला वाचून दाखविणे हा अद्याप गुन्हा ठरलेला नाही.

हे काम लहान आहे, त्याने क्रांती होणार नाही, असे कोणी म्हणेल. झेंडा सत्याग्रहात रोज निघणारी तुकडीही लहानच असे.

त्या संध्याकाळी अभ्यासिकेच्या पायरीवर मी त्या दोघांना समई, कमलदले आणि ‘भद्राय’ यांचा अर्थ सांगितला. दोघांनी लक्षपूर्वक ऐकले. एकाने वहीत टिपूनही घेतले. दुसरा काही वेळ गप्प होता. मागाहून कळले, की त्याचे जात वैधता प्रमाणपत्र चौदा महिन्यांपासून एका कार्यालयात पडून आहे आणि त्यापायी हातची एक नोकरी गेली आहे. उठताना त्याने विचारले, “मग सर, ही समई माझ्या कागदावर कधी लागेल?”

हा प्रश्न पेपरात येत नाही. तो विधान भवनाच्या दारात विचारला गेला पाहिजे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहिले पाहिजे.